विद्येची ठेव

आमच्या घरी एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, पूर्वी व्यापारी लोक हिशेबाला वापरीत तशी. तीत माझ्या वडिलांनी पन्नासएक चिजा उतरवून ठेविल्या आहेत. कागलच्या कचेरीत कारकुनी करावी आणि रविवार उजाडला की सायकलीने कोल्हापूर गाठावे, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. अल्लादियाखाँसाहेबांच्या परंपरेतल्या एका गवयापाशी बसून त्यांनी या चिजा मिळविल्या. देताना गुरूंनी बजावले होते, 'कुणाला देऊ नका.' वडिलांनी शेवटच्या दुखण्यात मला तेच सांगितले. मी मान हलविली. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षे होतील.

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतली एक मुलगी घरी आली. तिचे वडील औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. ती कॉलेजात जाते आणि गाणे शिकते. "आजोबा, तुमच्याकडं चिजांची जुनी वही आहे म्हणे. मोबाइलवर फोटो काढून घेते की, लगेच परत." मी 'बघू' म्हणालो. पोर हिरमुसून गेली. तो 'बघू' मात्र मला त्या रात्री झोप येऊ देईना.

विद्या राखून ठेवणे हा धर्म की अधर्म? प्रश्न तसा जुनाच आहे. परंतु तो पुस्तकातून न येता चपला काढून आपल्या ओसरीवर येऊन उभा राहिला, म्हणजे त्याला उत्तर द्यावे लागते.

युरोपातल्या थोर संगीतकारांच्या कृतींची यादी करता येते. बेथोव्हेनच्या सिंफनी नऊ. त्यांचे स्वरलेखन छापलेले आहे. ज्याला वाचता येते त्याने ते उघडावे आणि वाजवावे. आमच्या खाँसाहेबांच्या कृतींची यादी कशी करावी? त्यांनी चिजा बांधल्या हे खरे. पण त्यांची खरी थोर कृती म्हणजे त्यांनी नव्याने घडविलेले किंवा विस्मृतीतून पुन्हा उभे केलेले राग, आणि ते गाण्याची रीत. संपूर्ण मालकंस, बसंती केदार, बिहागडा, नट कामोद, सावनी, खट ही नावे घेताच जाणकार कान टवकारतात. आणि ज्या गळ्यातून हे सारे निघाले, त्या गळ्याची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही.

त्या गळ्याची कथाही विलक्षण आहे. खाँसाहेबांचा जन्म १८५५ साली जयपूर संस्थानातील उनियारा येथला. चुलते जहांगीरखाँ यांच्याकडे त्यांनी कसून तालीम घेतली. ऐन उमेदीत माळव्यातल्या अमलेटा येथे गाण्याच्या अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला, आणि पुढे बराच काळ तो उघडलाच नाही. परत आला तो पूर्वीचा नव्हता. दुसरा एखादा गवई तंबोरा खुंटीला टांगून मोकळा झाला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला पेलेल आणि शोभेल अशी नवी गायकीच रचली. लयीला चिकटून चालणारी, वळणावळणांची, श्रोत्याला क्षणभरही सैल बसू न देणारी. आज जिला आपण जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतो, तिच्या मुळाशी एक मोडलेला आवाज आहे.

या गायकीला आसरा मिळाला तो कोल्हापूरच्या दरबारात. कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. खाँसाहेब त्यांच्या पदरी राहिले आणि १९२२ साली महाराज निवर्तल्यावर मुंबईस गेले. तिथेच १९४६ साली त्यांचा अंत झाला.

आता गंमत पाहा. याच महाराजांनी १९०२ साली संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. विद्येच्या दारांना शतकानुशतके लागलेली कुलपे त्यांनी काढून टाकली. आणि त्यांच्याच दरबारात असा गवई मानाने नांदत होता, की ज्याच्या घराण्यात चीज म्हणजे तिजोरीत ठेवायची वस्तू! एका छपराखाली ही दोन माणसे कशी नांदली असतील, याचा मी पुष्कळ विचार केला.

खाँसाहेबांची बाजू मला कळते. गवयाला ना शेत ना वतन. विद्या हीच त्याची जमीन. शिवाय अर्धीमुर्धी ऐकून उचललेली चीज बाजारात भलत्याच रूपाने हिंडू लागली, तर आपली म्हणून तिला ओळखही देववत नाही.

पण दुसरी बाजूही आमच्याच मुलखातली आहे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे चारचौघांच्या मुलांसाठी खुले केले. भातखंडे यांनी गवयांच्या घरोघर फिरून चिजा मिळविल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापल्या. त्यांनी तसे केले नसते, तर त्यांतल्या कितीतरी चिजा त्या त्या उस्तादांबरोबर मातीत गेल्या असत्या. राखण करणाऱ्याने ठेव जपता जपता ठेवच बुडविली, असे आपल्याकडे काय थोडे वेळा झाले आहे?

मग वही सरळ त्या मुलीच्या हाती द्यावी, हेच बरोबर? एके दुपारी मी ती उघडून बसलो. संपूर्ण मालकंसाची चीज निघाली. मालकंस पाच स्वरांचा राग. त्यात ऋषभ-पंचम नाहीत. संपूर्ण मालकंसात ते आहेत. कागदावर पाहिले तर झाले एवढेच! परंतु ते दोन स्वर कोठून यायचे, किती टेकायचे, आणि येऊनही मालकंसाचे गांभीर्य ढळू द्यायचे नाही ते कसे, हे वहीत नाही. ते वडिलांच्या गळ्यात होते. थोडेफार माझ्या कानात आहे. म्हणजे मी चाळीस वर्षे जे कुलपात ठेवले, ती नुसती टरफले होती. दाणा माझ्याबरोबर म्हातारा होत होता.

केसरबाई केरकरांची आठवण झाली. खाँसाहेबांची ही थोर शिष्या आपल्या गाण्याला फार जपे. तिने गायिलेली भैरवी १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत घालून अवकाशात धाडली. साडेतीन मिनिटांचे ते गाणे आज ताऱ्यांच्या दिशेने चालले आहे. सुरक्षित आहे, पण तिथे ऐकायला कोणी नाही. टिकणे वेगळे आणि चालू राहणे वेगळे.

आणि खाँसाहेबांनी तरी दिले नाही असे कोणी म्हणावे? सांगलीला औषधोपचारासाठी मुक्काम असताना एका मुलीचा रियाज त्यांच्या कानी पडला आणि ते आपण होऊन तिला शिकवू लागले, असे सांगतात. त्या मुलीच्या पुढे मोगूबाई कुर्डीकर झाल्या. गाणाऱ्या बाईकडे समाज नाक मुरडीत होता असा तो काळ. खाँसाहेबांनी तिचे कुळ पाहिले नाही, गळा पाहिला आणि बसण्याची तयारी पाहिली. महाराजांनी दार उघडले ते हेच की, जन्मावरून कोणाला बाहेर ठेवू नये. खाँसाहेबांनी अडविले ते बसल्यावाचून नेऊ पाहणाऱ्याला. आता मला या दोघांत भांडण दिसत नाही.

मी मात्र त्या मुलीला नुसते 'बघू' म्हणालो होतो. बसतेस का, असे विचारलेही नव्हते. त्या 'बघू'त खाँसाहेबांची कडक शिस्त नव्हती; माझा आळस होता, आणि आपल्यापाशी काहीतरी आहे याची क्षुद्र ऐट होती.

तिला बोलावून सांगितले, "फोटो नको. सकाळी येत जा." माझा गळा बेताचा, त्यात वय झालेले. तरी गुणगुणून दाखवितो. चुकले तर पुन्हा आठवितो. दोन महिन्यांत दोनच चिजा झाल्या. गळ्यावर चढेल ती चीज तिने आपल्या हाताने आपल्या वहीत उतरवून घ्यायची, असे ठरले आहे.

वडिलांना दिलेला शब्द मी मोडला. त्याला दुसरे गोंडस नाव देण्याची माझी इच्छा नाही. ज्या कारणासाठी तो शब्द घेतला गेला, ते कारण मात्र सांभाळतो आहे असे मला वाटते. वडिलांना ते पटले असते की नाही, कोण जाणे!

नरक चतुर्दशीच्या पहाटे फटाके वाजायच्या आत येते, असे ती म्हणाली आहे. तंबोऱ्याच्या तारा कालच बदलून ठेविल्या.