रिकामी जागा खरंच रिकामी असते का?

फँटसी कादंबरी उघडली की आधी नकाशा दिसतो. राजधान्या, किल्ले, बंदरं आणि मधे बरीच कोरी जागा. तिचं कथेत काम काय?

एक उत्तर सोपं आहे. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) प्रवासाला वजन येतं ते ओसाड मुलखामुळे. हाकेच्या अंतरावर कोणी नसतं, तेव्हाच सोबतच्या माणसाची किंमत कळते. जागोजागी खानावळी असत्या, तर फ्रोडोला सॅमची एवढी गरज पडली नसती.

पण टॉल्किनचा मुलूख मुळातच रिकामा नव्हता, तो रिकामा झालाय. हॉबिटांचं लाडकं शायरसुद्धा ओस पडलेली जमीन होती. राजाच्या परवानगीने ते तिथे वसले. होलिनमध्ये आता एल्फ नाहीत, पण तिथले दगड त्यांच्यासाठी हळहळताना लेगोलासला ऐकू येतात. आपल्याआधी इथे कोणीतरी होतं, हे वाटसरूला विसरता येत नाही.

ही जाणीव नसलेल्या कथेत कोरी जागा म्हणजे परवाना ठरतो. कोणी नाही, म्हणजे आमचं! पुस्तकाबाहेरही हेच घडलं. ऑस्ट्रेलियात हजारो वर्षं माणसं राहत होती, तरी ती जमीन कोणाचीच नाही असं ब्रिटिशांनी धरलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीतक नाकारलं ते थेट १९९२ साली, माबो खटल्यात.

महाभारताला हा प्रश्न ठाऊक होता. कृष्ण आणि अर्जुनाच्या मदतीने अग्नीने खांडववन जाळलं, तेव्हा तिथे नाग होते, पक्षी होते. वाचलेल्या मयाने पांडवांना सभा बांधून दिली आणि तिथेच दुर्योधनाची फजिती झाली. वाचलेला अश्वसेन नाग पुढे कर्णाच्या बाणातून अर्जुनावर आला. जाळलेल्या वनाचा हिशेब कथेने मिटवला नाही.

संगणकात फाइल डिलीट केली की सहसा ती जागा फक्त ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना डेटा तिथेच असतो. ‘मोकळी’ हा शब्द जागेपेक्षा आपल्या इराद्याबद्दल जास्त सांगतो.

काल्पनिक माळरानावरून कोणाला हुसकावलं जात नाही, हे खरंच. पण नजरेला सवय तिथेच लागते. उद्या एखाद्या टेकडीबद्दल, खाजणाबद्दल ‘इथे तर काहीच नाही’ असं कोणी म्हणेल, तेव्हा आपण मान डोलावणार की विचारणार, आधी इथे कोण होतं?