भरतीच्या वेळापत्रकावर

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचा मध्यभाग म्हणजे एक बेट. ली नदी पश्चिमेला दुभंगते, दोन पात्रांनी मध्यवस्तीला वळसा घालते आणि पूर्वेला पुन्हा एक होऊन बंदराकडे निघते. समुद्र जवळच असल्यामुळे शहरातली ही पात्रं दिवसातून दोनदा भरतात आणि दोनदा ओसरतात. मोठ्या उधाणाच्या दिवसांत पातळीत साडेतीन मीटरहून अधिक फरक पडतो. सकाळी धक्क्याच्या चुनखडी दगडाच्या पायऱ्यांवर पाणी चढलेलं असतं. दुपारी तिथेच शेवाळाची हिरवी रेघ उघडी पडते, खाली चिखल, आणि चिखलात चोची खुपसणारे पक्षी. इथे संगीत-नृत्याचा प्रयोग करायचा तर आधी विचारावं लागतं, त्या वेळी पाणी कुठे असेल? नाचणाऱ्याचे पाय कुठल्या पायरीपर्यंत जातील आणि ओल्या दगडावर गिरकी घेता येईल का, हे त्यावरच ठरतं.

नदीकाठच्या प्रयोगाला माझी एकच कसोटी आहे. तो उचलून जसाच्या तसा सभागृहात नेता आला, तर नदीवर जायचं काही कारण नव्हतं. रंगीत दिवे, मोठाले ध्वनिवर्धक, मागे छान दिसणारं पाणी, एवढ्यावर भागवणारे कार्यक्रम जगभर होतात. त्यांत नदी असते ती पडद्यासारखी.

कॉर्कमध्ये वेगळं काही होऊ शकतं असं वाटायला लावणारी माणसं आहेत. डॅनी मॅकार्थी आणि मिक ओ'शे यांची 'द क्वाएट क्लब' ही ध्वनिकलावंतांची जोडी 2006 पासून काम करते आहे. दगड, घरी जुळवलेली उपकरणं, सापडलेल्या वस्तू हीच त्यांची वाद्यं. दोन दगड एकमेकांवर घासले की खोलीत तो आवाज भिंतींवरून लगेच परततो आणि भरीव होतो. उघड्यावर तो निघून जातो. पण समोर, साठ मीटरवर, पलीकडच्या धक्क्याची भिंत असेल, तर सुमारे एकतृतीयांश सेकंदानंतर त्याचा एक कृश प्रतिध्वनी येतो. वादकाने त्या अंतराला लय मानलं, तर पात्राची रुंदीच ठेका ठरवते. शिवाय थंड संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार असते, आवाज वर न उडता खाली वळतो आणि दूरवर जातो. मंद वाजवणाऱ्याला नदी अशी साथ देते. गडगडाटी ध्वनिवर्धक लावला की हे सगळं पुसलं जातं. म्हणून अशा ठिकाणी त्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

नृत्य आणि संगीत एकमेकांना न बांधता एकत्र ठेवायचा विचार या शहराला परका नाही. संगीतकार जॉन केज यांनी 1979 मध्ये आयर्लंडभरचे आवाज आणि पारंपरिक वादक घेऊन 'रोअराटोरिओ' रचलं, 1983 मध्ये मर्स कनिंगहॅम यांनी त्यावर नृत्यरचना केली. त्यात बोरॉन हे आयरिश डफाच्या जातीचं वाद्य वाजवणारे मेल मर्सिए पुढे कॉर्कच्या विद्यापीठात शिकवत होते. कनिंगहॅमच्या पद्धतीत नर्तक संगीताच्या मात्रा मोजत नाही, दोघांना जोडतो तो फक्त एकत्र घालवलेला वेळ. नदीकाठी हा नियम नेमका बसतो, कारण ओहोटी कुणाच्याच समेवर येत नाही. नृत्याची परंपराही इथे जुनी आहे. जोन डेनिस मॉरिआर्टी यांची बॅले कंपनी 1947 मध्ये सुरू झाली, आणि शहराच्या शँडन भागात 1855 साली लोण्याची पिंपं तोलायला बांधलेली फर्किन क्रेन ही गोल इमारत आज नृत्याचं केंद्र आहे.

आपल्याकडे नदीकाठचा असा सोहळा कधीच प्रयोग म्हणून नव्हता. वाईला कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटावर आळीपाळीने होतो, कीर्तनकाराचा आवाज पाण्यावरून पलीकडे जातो. गोव्यात साखळीला त्रिपुरी पौर्णिमेला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात. तिथे पाणी यजमान असतं आणि लोक नदीला तोंड करून बसतात. कॉर्कच्या कलावंतांना जे नव्याने शोधावं लागतं, ते आपण हाताशी असताना घालवत आहोत.

आणि मुद्दा फक्त कलेचा नाही. नोव्हेंबर 2009 च्या पुरात कॉर्कच्या मध्यवस्तीत पाणी शिरलं, घरं आणि दुकानं बुडाली. त्यानंतर लोअर ली पूरनियंत्रण योजना आली आणि धक्क्यांवर भिंती उंचावण्याच्या आराखड्याला शहरातल्या अनेकांनी कडाडून विरोध केला. बुडालेल्या दुकानदाराची भीती खरी आहे; पानशेतच्या 1961 च्या पुरानंतर पुण्याने ती ओळखली आहे. पण मुळा-मुठेच्या काठांवर आज काँक्रीट चढताना दिसतं, तेव्हा कॉर्ककरांचा विरोध मला जवळचा वाटतो. उंच भिंतीमागून नदी धड दिसत नाही की धड ऐकू येत नाही. भिंत बांधायचीच असेल, तर तिच्या आराखड्यात पायऱ्या असाव्यात, आणि त्या ओहोटीच्या रेघेपर्यंत खाली जाव्यात.