‘ढ’ कोणाला म्हणावे?

मराठी वर्णमालेत ‘ढ’इतके बदनाम अक्षर दुसरे नाही. ब्राह्मी लिपीपासून आजवर बाकीची अक्षरे पार बदलून गेली, हे एकटे जवळजवळ होते तसेच राहिले; म्हणून जो जागचा हलत नाही तो ‘ढ’, अशी उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इतिहासात कच्च्या मुलाला आपण सहसा ‘ढ’ म्हणत नाही. त्याला सनावळ्या पाठ होत नाहीत, एवढेच म्हणतो. गणित आले नाही की मात्र सबंध मुलावरच शिक्का बसतो. हा शिक्का मारण्याचा अधिकार शिक्षकाला कोणी दिला, हा प्रश्न अध्यापक विद्यालयात भावी शिक्षकांना गणिताचे अध्यापन शिकवताना मला पुनःपुन्हा पडत आला आहे.

वर्षारंभी मी फळ्यावर एका मुलाने सोडवलेली तीन उदाहरणे लिहितो : ५२ वजा २७ बरोबर ३५, ६१ वजा ३४ बरोबर ३३, ८० वजा ४६ बरोबर ४६. तपासा म्हटले की सारा वर्ग तत्परतेने तीन फुल्या मारतो. मग मी विचारतो, “७४ वजा ३८ याचे हे मूल काय उत्तर देईल?” थोडा वेळ कोणीच बोलत नाही. मग मागच्या बाकावरून एखादी विद्यार्थिनी हळूच म्हणते, “चव्वेचाळीस, सर.” आणि तेच बरोबर असते! त्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. ‘लहानातून मोठे जात नाही’ हे गुरुजींचे वाक्य त्याने शब्दशः पाळले आहे. दशक मोडून सुटे करायचे असतात, एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही. अशा मुलाला बेफिकीर ठरवणे म्हणजे आज्ञाधारकपणाबद्दल शिक्षा देणे होय.

आपली भाषाही या बाबतीत मुलांशी थोडी थट्टाच करते. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना मात्र दोन आधी लिहावे लागतात. ‘एकोणतीस’ ऐकले की कानात तीस राहतात आणि हाताने ३९ लिहिले जातात. त्यातून एकोणनव्वदपर्यंत इमानाने चालत आलेला हा ‘एकोण’ नव्व्याण्णवला अचानक दगा देतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असेही वाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गहजब झाला! मंगला नारळीकरांनी शांतपणे त्यामागची भूमिका समजावून सांगितली. मला स्वतःला जुनी संख्यानामे प्रिय आहेत. पावकी-निमकीचा नादही माझ्या कानात आहे. पण त्या वेळी जे हसले त्यांत सात वर्षांचे कोणी नव्हते, हेही खरे.

असो. मूळ मुद्दा पारखण्याचा. एका वर्गात चार मुलांनी एकच चूक केली, तर चौघांची कारणे चार असू शकतात. एकाला फळा नीट दिसत नाही. दुसऱ्याला छडीची नसली तरी हशाची धास्ती आहे. तिसरा दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो, आणि परततो तेव्हा भागाकार होऊन गेलेला असतो. चौथ्याला मात्र दोन संख्यांतली मोठी कोणती हेच चटकन उमगत नाही. सातवीत आला तरी तीन आणि दोन बोटांवर मोजावे लागतात. या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. शंभरांत तीनपासून सातपर्यंत मुलांना ती असावी, असे अभ्यासकांचे निरनिराळे अंदाज आहेत. उत्तरपत्रिकेवर या चौघांची फुली सारखीच दिसते.

ही चार कारणे ओळखायला आपण शिक्षकाला शिकवतो काय? प्रशिक्षणवर्ग होतात, हजेरीपटावर सह्या होतात, चहा होतो, प्रपत्रे भरली जातात, आणि डिस्कॅल्क्युलियाची व्याख्या सर्वांना पाठ होते. एका मुलाशेजारी अर्धा तास बसून ‘हे तू कसे केलेस, मला सांग’ एवढे विचारण्याचा सराव मात्र क्वचितच कोणी करून घेतो. मी प्रत्येक विद्यार्थ्याला महिनाभर एकच मूल देतो, आणि त्याचे गुण नव्हे तर त्याचे बोलणे वहीत टिपून आणायला सांगतो. एका वहीत नोंद होती : मुलगी आठवडी बाजारात आईजवळ बसून पन्नासच्या नोटेतून मोड अचूक परत देते, वहीत तीच वजाबाकी चुकते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांविषयी नेमके असेच आढळले होते. तो अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारातली त्यांची जवळजवळ सगळी उत्तरे बरोबर होती, कागदावर बरीचशी चुकली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने डिस्कॅल्क्युलियाला मान्यता दिली. प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो, आळशीपणाचा आळ टळतो, घरातली बोलणी थांबतात. हे मोठेच काम झाले. पण माझ्या मनात एक शंका घर करून आहे. प्रमाणपत्राने मूल सुटते, तसा शिक्षकही सुटत नाही ना? ‘त्याला ते येणारच नाही, कागदच आहे तसा’ असे एकदा म्हटले की काड्यांचे गठ्ठे बांधायचे आणि सोडायचे कष्ट संपले. निदान करणे तज्ज्ञांचे काम, ते शिक्षकाने करू नये; परंतु मदतीला निदानाची वाट पाहावी लागते, हे मला पटत नाही. ज्याला कागद मिळालाच नाही, त्या ऊसतोडीच्या मुलाचे मग काय?

यावर वर्गात दरवर्षी एक अवघड प्रश्न येतो. “सर, एकाला दिलेली दहा मिनिटे उरलेल्या एकोणचाळिसांची नाहीत का?” आहेत. एकासाठी गठ्ठा सोडला की आणखी चारपाच माना पुढे झुकतात, हा अनुभव मी सांगतो; पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही, हेही कबूल करतो. मिनिटे सारखी वाटणे हाच न्याय असता, तर घरातल्या तापलेल्या लेकरापाशी आई रात्रभर बसली नसती. तरीही, दोन इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या शिक्षिकेला हे ऐकवताना माझा आवाज खाली येतो. तिला आई होण्याचा उपदेश करण्याआधी दुसरा शिक्षक द्यायला हवा. आणि ते देणे माझ्या हाती नाही, ज्यांच्या हाती आहे त्यांचे मूल त्या खोलीत बसत नाही.