कण्या कोणाच्या?

ग्रिट्स हा शब्द एकवचनी की अनेकवचनी, यावरून अमेरिकेच्या दक्षिण भागात चांगली शिकलेली माणसं हमरीतुमरीवर येतात. त्यांत मीठ-लोणी घालायचं की साखर, हा वाद तर त्याहून पेटता. साखरवाला म्हणजे उत्तरेकडचा, जवळजवळ बाटलेलाच! अटलांटाला भाच्याने आम्हाला एका हॉटेलात सकाळच्या न्याहारीला नेलं आणि ती पांढरी, वाफाळती बशी पुढे सरकवली. आमच्या सौभाग्यवतींनी चमचा बुडवायच्या आधीच निकाल दिला, "अहो, ह्या तर कण्या! ताक मिळेल का विचारा."

व्याकरणाचा प्रश्न तिथेच मिटला. कण्या अनेकवचनीच. एका कणीने कोणाचं पोट भरलंय?

मका भरडून पाण्यात रटरट शिजवला की त्याच्या कण्या होणार, त्यात नवल नाही. नवल आहे ते त्यांच्या मानाचं. श्रीकृष्णाने विदुराघरी खाल्ल्यामुळे आपल्याकडच्या कण्यांना जी प्रतिष्ठा आली, ती तिकडे राजकारण्यांनी दिली. १९७६ साली जॉर्जियाचे जिमी कार्टर अध्यक्षपदाला उभे राहिले. जोडीला होते वॉल्टर मॉन्डेल, टोपणनाव फ्रिट्झ. लोकांनी जोडीचं नाव ठेवलं 'ग्रिट्स अँड फ्रिट्झ'. पुढे २००२ मध्ये जॉर्जियाने ग्रिट्सना राज्याचा अधिकृत खाद्यपदार्थच करून टाकलं. (पिठलं-भाकरीचं प्रकरण आपल्या विधानसभेत कोण नेणार?)

"आमच्या ग्रिट्स!" असं तिथला माणूस छाती फुगवून म्हणतो. तो 'आमच्या' माझ्या दाताखाली खड्यासारखा आला. ग्रिट्स हा शब्द जुन्या इंग्रजीतला, भरड पिठाला म्हणायचे तो. पण मका तिथल्या मूळ रहिवाशांचा. साल काढलेल्या मक्याला होमिनी म्हणतात, तो शब्दही व्हर्जिनियातल्या त्यांच्याच भाषेतून आलेला. ही मंडळी मका राखेच्या पाण्यात शिजवीत. साल सुटे, आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व अंगी लागे. त्यांना नायसिन ठाऊक नव्हतं. आमच्या आजीला तरी कुठे ठाऊक होतं? पण तिचं काही अडलं नाही.

पाहुण्यांनी दाणा घेतला. राखेची रीत काही दिवस पाळली. पुढे गिरण्या आल्या आणि बहुतेक ठिकाणी ती गळाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मका, डुकराची चरबी आणि काकवी यांवर जगणाऱ्या दक्षिणेतल्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटते, पोट बिघडतं, बुद्धी भ्रमते. हजारो माणसं गेली. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरांना तिकडे धाडलं. हा संसर्ग नव्हे, निकस अन्नाचा रोग आहे, असं ते सांगू लागले. कोणी ऐकेना, म्हणून १९१६ मध्ये त्यांनी रोग्यांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या खपल्या आणि मलसुद्धा पोटात घेतला. त्यांना काही झालं नाही. तरी १९२१ साली दक्षिणेतले पुढारी संतापलेच, 'आमच्याकडे उपासमार? बदनामी आहे!' शेवटी १९३७ मध्ये नायसिनचा छडा लागला.

आता मला सांगा, उसनवारी फेडायची म्हणजे काय फेडायचं? वाटी परत करता येते. युक्ती कशी परत करणार? आणि ज्यांची जमीन आपणच बळकावली, त्यांच्याकडून काही शिकलो असं म्हणायला जीभ कशी रेटावी? मला वाटतं, राख विसरली गेली त्यात गिरणीचा हात होता तसा या संकोचाचाही असावा. आपण फार हसायला नको. आपल्या एकादशीचा साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळं मुळात अमेरिका खंडातलं, आणि आपण ते 'सनातन' म्हणून खातो. फरक एवढाच की आपण कोणाला हुसकावून ते आणलं नाही.

भाच्याच्या स्वयंपाकघरात ग्रिट्सचं पाकीट होतं. साऊथ कॅरोलायनात तर कायदाच आहे की विकायच्या ग्रिट्समध्ये जीवनसत्त्वं मिसळलेली असलीच पाहिजेत. चष्मा लावून मी बारीक अक्षरं वाचली. नायसिन होतं, लोह होतं, कंपनीचा पूर्ण पत्ता होता. राखेचा उल्लेख नव्हता. सौभाग्यवती म्हणाल्या, "वाचून झालं असेल तर द्या इकडे, पाणी उकळलंय."