बिघाड क्षम्य, मौन नाही

४ ऑक्टोबर २०२१ रोजी व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, व्हॉट्सॲप पुन्हा दोनेक तास ठप्प झाले. दोन्ही वेळा चर्चा एकाच वळणाने गेली: माणसे किती कासावीस झाली, आपण किती आहारी गेलो आहोत. मला ही चर्चा उथळ वाटते. त्या दिवशी यंत्रणा बंद आहे हे सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे उत्तर आले नाही म्हणून कुणी कुणावर रुसले नाही. खरा घात होतो तो एरवी, सगळे सुरळीत चालू असताना एखादाच निरोप वाटेत अडकतो तेव्हा.

दुपारी दोन वाजता आशा सेविकेला बैठकीची सूचना जाते. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ॲप परस्पर झोपवलेले असते. रात्री नऊला ती ॲप उघडते तेव्हा सूचना येते, पण तिच्यापुढे वेळ दिसते दोनची. ‘मला आत्ताच मिळाली’ हे तिने वरिष्ठांना पटवायचे कसे? पाठवणाऱ्याला तेवढा वेळ एकच करडी टिक दिसत असते. तिचा अर्थ फोन बंद आहे, रेंज नाही किंवा समोरच्याने ब्लॉक केले आहे, यांपैकी काहीही असू शकतो. चूक यंत्रणेची, आळ माणसावर.

‘पूर्वी पत्राला आठ दिवस लागत’ हे उत्तर गैरलागू आहे. तेव्हा आठ दिवस धरूनच माणूस चालत असे. ‘दुसरे ॲप घ्या’ म्हणणाऱ्यांना सरकारी सूचनांचा ग्रुप कुठे असतो ते ठाऊक नसावे.

‘फुकट मिळते, मग तक्रार कसली?’ हा युक्तिवाद मात्र सोडून देता येत नाही, कारण शहाणीसुरती माणसेही तो करतात. एक तर ही सेवा फुकट नाही. व्हॉट्सॲप २०१८ पासून व्यावसायिक संदेशांसाठी कंपन्यांकडून पैसे घेते, आणि कंपन्या ते देतात कारण आपण तिथे आहोत. २०२१ साली केंद्र सरकारनेच भारतातील वापरकर्त्यांचा आकडा ५३ कोटी सांगितला होता. दुसरे, क्षणभर फुकट आहे असे धरले, तरी फुकटपणाने कमी सोयीची मुभा मिळते, दिशाभूल करण्याची नाही. पाणपोई फुकट असते म्हणून रिकाम्या रांजणावर ‘भरलेला आहे’ अशी पाटी लावलेली कुणी खपवून घेणार नाही. तिसरे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की या बिघाडाची किंमत कंपनी मोजतच नाही. ती मोजतो पाठवणारा आणि घेणारा, एकमेकांवरचा विश्वास गमावून. ज्याचे नुकसान होते त्याला ‘तू पैसे कुठे दिलेस?’ असे विचारणे अन्यायाचे आहे.

शंभर टक्के खात्रीची यंत्रणा कुणी बांधू शकत नाही, हे मला मान्य आहे. फोन बंद असेल तर निरोप पोहोचणार कसा? पण ईमेलच्या १९८२च्या नियमांतच एक साधे तत्त्व होते: पत्र स्वीकारणाऱ्या सर्व्हरने ते पुढे पोहोचवण्याची जबाबदारी घ्यायची, आणि जमले नाही तर पाठवणाऱ्याला तसे कळवायचे. ईमेल हे तत्त्व नेहमीच पाळते असे नाही, तरी ‘पत्र पोहोचले नाही’ अशी नोंद आपल्याकडे परत आल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. उलट व्हॉट्सॲपवर न पोहोचलेला निरोप ३० दिवस सर्व्हरवर थांबतो आणि मग पुसला जातो. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर मात्र तीच एक टिक राहते, जणू तो अजून वाटेतच आहे.

म्हणून मी भेद करतो तो विश्वासार्ह आणि अविश्वासार्ह ॲपमध्ये नव्हे, तर बिघडणे आणि बिघाड न सांगणे यांत. पहिले तंत्रज्ञानाच्या मर्यादेचे आहे, दुसरे निवडीचे. निरोप कधी निघाला याबरोबर तो कधी पोहोचला हेही घेणाऱ्याला दाखवणे आणि पुसलेल्या निरोपाची खबर पाठवणाऱ्याला देणे अवघड नाही. वेगाचे आणि नव्या सोयींचे कौतुक नंतर करू. निरोप्याने आधी कबूल करायला शिकावे की निरोप पोहोचला नाही, आणि त्यात समोरच्या माणसाचा दोष नव्हता.