न दिसणारी नळी

तप्त, टाकाऊ वायूच्या जोरावर एंजिनांत अधिक हवा कोंबण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ मध्यें पेटंटासाठीं नोंदविली. हा टर्बोचार्जर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या रबरी नळ्या पुष्कळ मोटारींत अशा आडजागीं असतात, कीं तेथें हात पोंचण्यास आधीं इतर भाग उतरावे लागतात. एक नळी बदलतांना शेजारची उष्णतेनें ताठरलेली, पण अद्याप न गळणारी आढळली, तर कारागिरानें काय करावें? न विचारतां बदलणें म्हणजे मालकाचा अधिकार डावलणें. न बोलतां झांकणें म्हणजे त्याचा विश्वास बुडविणें. नळीचें मोल थोडें, श्रमाचें मोठें. तेव्हां ती दाखवून निर्णय त्याजवर सोंपविणें हाच धर्म होय. जेथें दुसऱ्याची दृष्टि पोंचत नाहीं, तेथें आपली दृष्टि ही त्याची ठेव असते.