नोंदवहीतला शेरा

१९३४ साली इंग्रज सरकारने सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ जप्त केली. पुस्तक १९२७ सालचं. लेखक तर रत्नागिरीतच स्थानबद्ध होता. राजकारण करायचं नाही, जिल्ह्याबाहेर जायचं नाही, या अटींवर. हुकूम खरा; पुढचे दोघे गोष्टीतले.

गावातल्या एका लहानशा वाचनालयात शिपाई आला. ग्रंथपाल आबांनी प्रत देऊन टाकली. न देते तर वाचनालयालाच टाळं लागलं असतं. नोंदवहीतली ओळ मात्र त्यांनी खोडली नाही. तिच्यापुढे ‘सरकारजमा’ असा शेरा मारून तारीख घातली. ओळ खोडली असती, तर पुस्तक इथे होतं हेही कुणाला कळलं नसतं.

संध्याकाळी एक वकील, जुने वर्गणीदार, तावातावाने आले. “आबा, आम्ही काय वाचायचं ते आता कलेक्टर ठरवणार?”

आबांनी वही पुढे केली. वकिलांनी शेऱ्याखाली लिहिलं, ‘काय वाचावे हे वाचकाने ठरवावे. या जप्तीस माझी हरकत आहे.’ आणि सही ठोकली.

पुढे एकदा तेच वकील अर्ज घेऊन आले. खाली बऱ्याच सह्या. ‘किर्लोस्कर’ मासिक बंद करा! त्यात सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असं मांडलं होतं. अंदमान भोगलेल्या सावरकरांवर जीव टाकणारी आणि पतितपावन मंदिर सर्व जातींना खुलं करणाऱ्या सावरकरांवर चिडलेली माणसं तेव्हा एकाच आळीत राहत. वकिलांच्या बाबतीत ती एकाच अंगरख्यात होती.

शिपायासमोर उभं राहायला चीड पुरते. रोज भेटणाऱ्या, वर्गणी भरणाऱ्या आपल्याच माणसाला नाही म्हणणं फार कठीण. त्यात आबांनाही तो लेख पटला नव्हता. ते रोज गोग्रास काढूनच पानावर बसत.

“अंक काढायचा तर वहीत कारण हवं,” आबा म्हणाले. “तुम्हीच लिहा.” आणि त्यांनी तेच पान उघडलं.

वकील स्वतःचं अक्षर वाचत राहिले.

“पण तो लेख चुकीचा आहे हो, आबा.”

“मग तसं लिहून पाठवा. छापून आलं की तोही अंक इथेच लावू.”

वकिलांनी अर्ज उलटा केला, पाठीवर किर्लोस्करवाडीचा पत्ता उतरवून घेतला आणि ते घरी लिहायला गेले.